स्पीकर गेला नाही, पिन गेलीय

कॉम्प्युटरच्या स्पीकरचा एका बाजूचा आवाज गेला की घरात पहिलं वाक्य काय येतं, तर "गेला स्पीकर, आता नवीन घ्या". आणि बऱ्याच वेळा स्पीकरला काहीसुद्धा झालेलं नसतं, आतला मॅग्नेट शाबूत, ट्रान्सफॉर्मर शाबूत, आवाज मोठा करणारी आयसी शाबूत, फक्त ती बारकी पिन जी आपण सीपीयूच्या मागं हात घालून चाचपडत हिरव्या भोकात खुपसतो ना, तिच्या बुडाशी आत एक तार तुटलेली असते. दहा-वीस रुपयाची पिन, थोडं सोल्डर (तार जोडायचा, वितळणारा धातू) आणि अर्धा तास, एवढ्यावर तो सेट पुन्हा गरजतो. पण लोक काय करतात, तर पिन हलवत बसतात, मग तिला काळी चिकटपट्टी गुंडाळतात, मग एका ठराविक कोनात वाकवून त्यावर पुस्तक ठेवतात, आणि शेवटी वैतागून भंगारात.

हे काम सोल्डरिंगचं आहे असं सगळ्यांना वाटतं म्हणून सगळे घाबरतात. माझं म्हणणं वेगळं आहे, सोल्डरिंग शेवटची दहा मिनिटं, खरं काम आहे ते नेमकी कुठली तार कुठं तुटलीय ते ओळखायचं, आणि ते कानानं ओळखता येतं. कात्री लावायच्या आधी ऐका. स्पीकर बिचारा स्वतःच सांगत असतो.

आधी ती पिन मोबाईलच्या टॉर्चमध्ये धरून नीट बघा. दोन काळ्या रेघा दिसतील, म्हणजे धातूचे तीन भाग झाले. अगदी टोकाचा भाग डाव्या स्पीकरचा, मधलं बारकं कडं उजव्याचं, आणि मागचा लांब दांडा म्हणजे ग्राउंड, दोघांची मिळून परतीची वाट. टेक्निकल भाषेत टिप, रिंग आणि स्लीव्ह. लक्षात ठेवायला सोपं आहे, रिंग, राईट, रेड, तिन्ही र पासून, म्हणजे मधलं कडं उजवं आणि आतली तार बहुतेक वेळा लाल. (लाल-पांढऱ्या आरसीए पिना असतात टीव्हीला, तिथंसुद्धा लाल म्हणजे उजवाच.)

ही पिन काय कॉम्प्युटरसाठी जन्मलेली नाही बरं का. हिचा मोठा भाऊ ६.३५ एमएमचा, तो एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरात आला, ऑपरेटर पुढच्या बोर्डावरच्या भोकांमध्ये पिना खुपसून एकाचा फोन दुसऱ्याला जोडून द्यायचे, ती ही पिन. आजही गिटारला, कीबोर्डला तीच जाड पिन लागते आणि गणपतीत आपल्याकडं डॉल्बीवाल्या पोरांच्या मिक्सरच्या मागं बघितलं तर दिसेल, दुकानात तिला पी-३८ म्हणतात. बारकी ३.५ एमएमची ट्रान्झिस्टर रेडिओच्या इयरफोनबरोबर आली आणि १९७९ ला सोनीचा वॉकमन आल्यावर स्टिरिओमध्ये जगभर गेली. सीपीयूवरचा हिरवा रंग मात्र कॉम्प्युटरवाल्यांचा, पीसी ९९ नावाच्या मायक्रोसॉफ्ट-इंटेलच्या नियमावलीत ठरलं की स्पीकरला हिरवा, माईकला गुलाबी, लाईन इनला फिका निळा. त्यामुळं पिन गुलाबीत घुसलीय आणि आवाज येत नाही म्हणून तक्रार, असं असेल तर हा लेख इथंच सोडा, तुमचं काम झालं.

आता ऐकायला बसू. विजेचं एक साधं आहे, ती गेली की परत यायला वाट लागते. डाव्या तारेनं गेली तर ग्राउंडमधून परत, उजव्या तारेनं गेली तरी त्याच ग्राउंडमधून परत. म्हणजे तीन तारा आणि दोन रस्ते. यातली कुठलीही एक तुटली तर आवाजात काय होईल हे आधीच सांगता येतं.

डावी तुटली तर डावा स्पीकर गप्प, उजवा मस्त चालू. उजवी तुटली तर उलटं. हे कुणालाही कळतं. गंमत येते ती ग्राउंड तुटल्यावर. अशा वेळी आवाज बंद होत नाही, दोन्हीकडनं येतो, पण विचित्र येतो, पोकळ, पातळ, आणि गाणं लावलं तर गाणारा माणूस गायब! बाजूची वाद्यं ऐकू येतात, कोरस येतो, गायकाचा नुसता लांबून घुमल्यासारखा आवाज येतो, पण मधोमध जो गळा पाहिजे तो नाही. पिक्चर बघताना तर डायलॉग गायब आणि पाऊस, गाड्या, टाळ्या सगळं व्यवस्थित. लोकांना वाटतं कॉम्प्युटरमध्ये कुठलं तरी इफेक्टचं सेटिंग चालू झालं, कुणी विंडोज पुन्हा टाकून घेतं. कारण साधं आहे. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये डाव्या-उजव्या दोन्हीत सारखाच ठेवलेला असतो, म्हणून तर तो आपल्याला मधोमध ऐकू येतो. ग्राउंड तुटलं की वीज परतायची वाट बंद, मग ती डाव्या तारेतून जाऊन उजव्या तारेतून परत यायचा प्रयत्न करते, म्हणजे आता स्पीकरला दोन्हीतला फक्त फरक मिळतो. जे दोन्हीकडं सारखं आहे त्यात फरक शून्य, म्हणून गायक शून्य, आणि मधोमध ठेवलेला बेससुद्धा त्याच्याबरोबर गेला म्हणून आवाज पातळ. हा प्रकार ऐकला की डोळे झाकून समजायचं, ग्राउंडची तार गेलीय, किंवा पिन पूर्ण आत बसलेली नाही. आधी पिन दाबून बघा, कारण अर्धवट बसलेल्या पिनेनं सुद्धा हुबेहूब हेच होतं.

बऱ्याचदा याच्याबरोबर मोठ्ठा घुंऽऽ असा आवाजही येतो. ग्राउंडची तार ही नुसती परतीची वाट नसते, चांगल्या वायरमध्ये ती बाकीच्या दोघींभोवती गुंडाळलेली असते आणि घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगचं ५० हर्ट्झचं भूत बाहेरच्या बाहेर अडवते. कॉम्प्युटरमधून निघणारा सिग्नल एक व्होल्टच्या आतबाहेर, तो स्पीकरच्या डब्यात जाऊन कितीतरी पटीनं मोठा होतो, मग त्यात घुसलेलं भूतसुद्धा तेवढंच मोठं होतं.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. जे बारके स्पीकर यूएसबीवर चालतात, म्हणजे करंट यूएसबीतून आणि आवाज ३.५ च्या पिनेतून, त्यांचं ग्राउंड तुटलं तरी यूएसबीच्या तारेतून कॉम्प्युटरचं ग्राउंड मिळत राहतं. तिथं गायक गायब होत नाही. फक्त माउस हलवला की किरकिर, फाईल कॉपी करताना चिरचिर असले आवाज घुसतात. असा सेट "थोडा खराब" म्हणून वर्षानुवर्षं चालवणारे बरेच आहेत, आणि खरं तर एकच तार तुटलेली असते.

आणि तिसरा प्रकार, पिन हलवली की खर्र खर्र, सोडली की बंद, परत हलवली की चालू. इथं तार पूर्ण तुटलेली नसते, तिच्यातले बारीक धागे एकेक करून तुटत आलेत आणि एक-दोन उरलेत ते कधी टेकतात कधी नाही. तांबं एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होत जातं आणि तुटतं. ती एकच जागा कुठली, तर पिनेचं कडक रबर जिथं संपतं आणि मऊ वायर सुरू होते तिथंच, पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरात. त्याचं कारण पण आपणच. टेबल भिंतीला चिकटून, सीपीयू टेबलाखाली भिंतीला चिकटून, आणि मागं सरळ पिन बाहेर आलेली, म्हणजे झाडू मारताना दर वेळी सीपीयू ढकलला की पिन भिंतीवर दाबून नव्वद अंशात वाकणार. त्या जागी एल आकाराची पिन लावली असती तर अर्ध्या रिपेअऱ्या झाल्याच नसत्या असं मला वाटतं.

बरं, आता नक्की पिनच का, हे सिद्ध करायचं. पहिल्यांदा तीच पिन मोबाईलला किंवा दुसऱ्या लॅपटॉपला लावा, आणि सीपीयूला कुठलाही चालू इयरफोन लावून बघा. इयरफोनमध्ये पण एकच बाजू येत असेल तर भानगड सीपीयूच्या भोकात नाहीतर सेटिंगमध्ये आहे, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये डावं-उजवं बॅलन्स कुणीतरी सरकवलेलं असतं, लहान पोरं असलेल्या घरात हे हमखास. मोबाईलला लावूनसुद्धा तोच दोष आला तर भानगड पिनेपासून पुढं.

मग बोटाची टेस्ट. मल्टीमीटर नसला तरी चालतं. पिन कॉम्प्युटरमधून काढा, स्पीकर चालू ठेवा, आवाज एकदम कमी करा, आणि एक टाचणी हातात धरून तिचं टोक पिनेच्या फक्त टोकाच्या भागाला टेकवा. डाव्या स्पीकरमधून घुंऽ आलं पाहिजे, तेच ५० हर्ट्झचं भूत, आता तुमच्या अंगातून आलेलं. मग मधल्या कड्याला टेकवा, उजव्यातून घुंऽ. जिथं येत नाही ती तार तुटलेली, आणि टाचणी टेकवलेली ठेवून दुसऱ्या हातानं वायर पिनेच्या बुडाशी हलवा, मध्येच घुंऽ आलं की तुटलेली जागा सापडली. वायर हलवून काहीच होत नसेल आणि तारेच्या कुठल्याच ठिकाणी फरक पडत नसेल तर मात्र दोष डब्याच्या आत असू शकतो. (बॅटरीवरच्या किंवा यूएसबीवरच्या सेटमध्ये हा घुंऽ बारीक येतो, थोडा आवाज वाढवा.) पिनेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र पहिला भिंतीतला प्लग काढा, असला सेट घरी उघडत बसायचा नाही, तो जाणकार माणसाकडं.

कापायची वेळ आली की भिंतीतला प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागवू नका, आपल्याकडं बटण न्यूट्रलला लागलेलं असायची परंपरा जुनी आहे, म्हणजे बटण बंद तरी आत करंट तसाच. डबा उघडायची गरजच नाही, आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या एका अंगाला सरळ २३० व्होल्ट, तिकडं जायचं कामच नाही आपलं. वायर पिनेला अगदी लागून कापू नका, पाच-सहा सेंटीमीटर शेपूट पिनेला ठेवून कापा. हे शेपूट फेकायचं नाही. हाच आपला नकाशा.

बाहेरचं रबर ब्लेडनं हलक्या हातानं गोल कापून सेंटीमीटरभर काढलं की आत काय दिसेल ते कंपनीगणिक वेगळं. बहुतेक वेळा लाल एक, पांढरी एक आणि दोघींभोवती उघड्या तांब्याची जाळी, जाळी म्हणजे ग्राउंड. कधी पांढरीच्या जागी हिरवी किंवा काळी. कधी कधी वायर दोन पदरी चिकटलेली असते, प्रत्येक पदरात एक तार आणि तिची आपली जाळी, मग दोन्ही जाळ्या एकत्र पिळायच्या. रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, स्वस्तातल्या वायरीत रंग कसेही असतात. मल्टीमीटर असेल तर कंटिन्युइटीवर ठेवा, ते बीप वाजतं ते, आणि शेपटातली एकेक तार पिनेच्या कुठल्या भागाशी बीप देते ते लिहून घ्या. एक तार बीप देणार नाही, कारण तीच तुटलीय, म्हणून उरलेली जागा तिची, झाला हिशेब. आणि मीटर नसेल तर स्पीकर पुन्हा चालू करून त्याच्याकडच्या वायरीच्या तारांना एकेक करून बोट लावा, लालला लावल्यावर उजव्यातून घुंऽ आलं तर लाल उजवी. आणि इथं अजून एक फायदा होतो, दोन्हीकडून घुंऽ आलं म्हणजे उरलेली वायर डब्यापर्यंत ठणठणीत आहे याचीही खात्री झाली. नाहीतर लोक नवीन पिन लावतात आणि तुटलेली जागा वायरीतच मागं राहिलेली असते. तपासून झालं की प्लग परत काढा.

तांबं काळं पडलेलं दिसलं तर अजून दोन-तीन सेंटीमीटर कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा काय असते ते सांगायला नको, रंकाळा तळ्याच्या बाजूच्या घरात कपाटातले कपडे ओले लागतात, तिथं उघड्या तांब्याचं काय. काळ्या-हिरव्या तांब्यावर सोल्डर धरत नाही.

आणि काही वायरींमध्ये तारांना रबर नसतंच, नुसता लाल-हिरवा रंग दिसतो, तो रंग नसून लॅकरचा थर असतो. त्याच्यातून वीज जात नाही. हे इयरफोनमध्ये जास्त, पण बारीक स्पीकर वायरीतही सापडतं. ब्लेडनं हलकंसं खरवडा किंवा गरम सोल्डरिंग आयर्नवर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तारेचं टोक बुडवून ठेवा, लॅकर जळून जातं. असल्या तारा नुसत्या पिळून जोडल्या की आवाज येत नाही आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

पिन आणायला दुकानात गेल्यावर "ईपी पिन, स्टिरिओ, ३.५" म्हणा. दुकानदारानं दिली की काळ्या रेघा मोजा. दोन पाहिजेत. एकच रेघ असेल तर ती मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेली, ती लावली तर उजवी बाजू सरळ ग्राउंडला चिकटते. तीन रेघा असतील तर ती माईकवाली मोबाईलची, त्यात हल्लीच्या बहुतेक मोबाईलच्या पद्धतीनं ग्राउंड दांड्यावर नसून दुसऱ्या कड्यावर असतं आणि दांडा माईकचा, उगाच गोंधळ. प्लॅस्टिकच्या टोपणाची स्वस्त असते, धातूच्या टोपणाची थोडी महाग, मी म्हणेन धातूची घ्या, आणि मागं स्प्रिंग असलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं, ती स्प्रिंगच वायर वाकू देत नाही. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं पुरे, ते दोन-अडीचशेच्या घरात मिळतं. एवढ्या एका पिनेसाठी आयर्न घ्यायचं नसेल तर पिन आणि वायर घेऊन रिपेअरवाल्याकडं जा, पण कुठली तार कुठली ते लिहिलेली चिठ्ठी बरोबर न्या, त्याचंही काम सोपं होतं आणि तो "सेटच बदला" म्हणत नाही.

आता सोल्डरिंग. पहिली गोष्ट, पिनेचं टोपण आणि आतली प्लॅस्टिकची नळी आधी वायरीत ओवून मागं सरकवा. आधी! सगळं सोल्डर करून झाल्यावर टोपण टेबलावर पडलेलं दिसतं आणि पुन्हा सगळं उपटावं लागतं, हे प्रत्येकाच्या नशिबात असतं, मेकॅनिकच्यासुद्धा.

टोपण काढल्यावर पिनेला दोन बारके कान आणि एक लांब पट्टी दिसेल, पट्टीच्या शेवटी वायर पकडायला दोन पंजे. लांब पट्टी ग्राउंडची. दोन कानांपैकी कुठला टोकाचा आणि कुठला कड्याचा ते अंदाजानं ठरवू नका, मीटरनं बीप काढून बघा, कारण वेगवेगळ्या पिनांत जागा बदलते.

सोल्डर धरतं कसं हे एकदा कळलं की हात आपोआप बसतो. हुपरीत चांदीचं पैंजण जोडणारा कारागीर डाख, म्हणजे त्याचा जोडायचा धातू, वितळवायच्या आधी तिथं टाकणखार लावतो, कारण धातूवर हवेनं एक न दिसणारा थर बसलेला असतो आणि तो निघाल्याशिवाय डाख पसरत नाही, नुसता गोळा होऊन बाजूला पळतो. इथंही तेच. सोल्डरच्या तारेच्या पोटात रोझिन म्हणजे राळ भरलेली असते, गरम झाली की ती तो थर खाते, आणि मग वितळलेलं सोल्डर तांब्यावर पाण्यासारखं पसरतं. म्हणून आयर्नवर सोल्डर वितळवून आणून वरून थापायचं नसतं, रोझिन वाटेतच जळून धूर होतो आणि उरतो तो नुसता धातूचा गोळा, वरून चिकटल्यासारखा दिसतो पण आत पकड नाही. आधी कान तापवा, मग सोल्डरची तार कानाला लावा, आयर्नला नाही. ६०-४० चं सोल्डर, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं, साधारण १८३ ते १९० अंशाला वितळतं आणि आयर्नचं टोक त्याच्यापेक्षा बरंच गरम असतं, त्यामुळं दोन-तीन सेकंदात काम होतं. नाही झालं तर आयर्न उचला, थंड होऊ द्या, पुन्हा करा. सात-आठ सेकंद दाबून धरलं तर पिनेच्या आतलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि टोक डुगडुगायला लागतं, मग ती पिन गेली.

दोन्हीला वेगवेगळं सोल्डर चढवून घ्यायचं, कानावर थोडं, पिळलेल्या तारेच्या टोकावर थोडं, आणि मग दोन्ही एकमेकांना टेकवून नुसता आयर्नचा स्पर्श द्यायचा, दोन्हीकडचं वितळून एक होतं. त्या वेळेला आयर्न एका हातात आणि वायर एका हातात, मग पिन कशात धरायची हा प्रश्न पडतो. लाकडाच्या तुकड्याला बारीक भोक पाडून त्यात उभी करा. सीपीयूच्या भोकात पिन अडकवून तिथंच सोल्डर करणारे महाभाग बघितलेत मी, तसलं काही करू नका. जोड थंड होईपर्यंत श्वास रोखून हात स्थिर ठेवा, हलला तर जोड खडबडीत आणि मळकट दिसतो, तो नंतर सुटणार. आधी दोन बारक्या तारा, मग ग्राउंड, कारण ग्राउंडच्या पट्टीला उष्णता जास्त लागते. खिडकी उघडी ठेवा, तो धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो, पण छातीला चांगला नाही. शिसं हाताला लागतं, म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भेळ खायला जायचं नाही.

पंजे आवळताना बाहेरच्या रबरावर आवळा, आतल्या तारांवर नाही. वायर ओढली तर ताण रबरावर यायला पाहिजे, सोल्डरवर नाही, सोल्डर ताण धरत नाही. पंज्यानं रबर फाडून आतली तार चेपली की नवीन पिन लावूनही शॉर्ट, म्हणून बेतानं.

टोपण लावायच्या आधी मीटरनं तीन बीप आणि तीन गप्प तपासा. प्रत्येक तार आपापल्या भागाशी बीप, टोक आणि दांडा गप्प, कडं आणि दांडा गप्प. टोक आणि कडं यांच्यातही बीप यायला नको, ते चिकटले असतील तर आवाज दोन्हीकडं येईल पण सगळं मोनो होईल आणि तुम्हाला कित्येक दिवस कळणारसुद्धा नाही. मग टोपण आवळा, यूट्यूबवर लेफ्ट राईट टेस्टचा कुठला तरी व्हिडिओ लावा. डावं-उजवं उलटं आलं तर दोन तारांची अदलाबदल झालीय, उघडून बदला, किंवा आळस आला तर दोन्ही स्पीकरच्या जागा बदला, कोण बघतंय. गायक मधोमध उभा राहून गायला लागला की ग्राउंडही बसलं.

आयर्नच नको म्हणणाऱ्यांसाठी स्क्रूवाली पिन मिळते, तार आत घालून स्क्रू आवळायचा, बारक्या तारेला धरून राहते पण जाड दिसते आणि सीपीयूच्या मागं अडते. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी लावणं हा उन्हाळ्यापुरता इलाज, पावसाळ्यात पट्टीचा गोंद ओघळतो आणि तांबं काळं पडतं. पिळायच्याच असतील तर एकेकीवर वेगळी हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसते ती) चढवा आणि तिन्ही जोड एकाच जागी न करता पुढं-मागं करा, म्हणजे एकमेकांना लागणार नाहीत.

पिनेचं टोक तुटून सीपीयूच्या भोकातच राहिलं असेल तर तो वेगळा त्रास. आतली स्प्रिंग त्या टोकाच्या खाचेत बसलेली असते म्हणून ते निघत नाही. रिफिलच्या नळीला फेविक्विक लावून ओढायची युक्ती पोरं करतात, निघालं तर निघालं, पण गोंद आत ओघळला की ते भोक कायमचं गेलं. सीपीयूला पुढं दुसरं भोक असतं की, ते वापरा, नाहीतर यूएसबीचं बारकं साउंड कार्ड लावा, दोनेकशे रुपयात मिळतं आणि डोकेदुखी संपते.

हे सगळं झालं आवाज आत नेणाऱ्या पिनेचं. डब्यातून डाव्या-उजव्या स्पीकरला जाणाऱ्या वायरी वेगळ्या, त्यात मोठा झालेला आवाज असतो, त्या दोनच तारांच्या असतात आणि त्यांना जाळी लागत नाही. तिथं चालू सेटवर तारा एकमेकींना टेकवायच्या नाहीत, आयसी उडू शकते. आणि दोन्ही स्पीकरच्या मायनस तारा "ग्राउंडच की" म्हणून एकत्र जोडायच्या नाहीत, यूएसबीवरच्या बारक्या सेटमध्ये पीएएम ८४०३ सारखी आयसी असते, तिच्यात मायनसलाही ग्राउंड नसतं, स्पीकरच्या दोन्ही तारा चालत्या असतात. आरसीए पिन असेल तर मधला काटा प्लस, बाहेरचं कडं मायनस, सोल्डर त्याच पद्धतीनं. प्लस-मायनस उलटं झालं तर काही जळत नाही, फक्त बेस पातळ होतो, परत उलटा.

काही २.१ सेटांना (दोन बारके स्पीकर आणि एक बेसचा डबा) मात्र मॉनिटरच्या केबलसारखा दिसणारा १५ पिनांचा किंवा गोल बारक्या पिनांचा कनेक्टर असतो, त्यात आवाज, करंट, व्हॉल्यूमचं बटण सगळं एकत्र कोंबलेलं. वाकलेली पिन बारीक चिमट्यानं सरळ करण्यापलीकडं त्यात घरी हात घालू नका. तुटलीच असेल तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तुटके तुकडे पुडीत बांधा आणि रिपेअरवाल्याकडं फक्त डबा नाही, सगळे स्पीकर, वायरी, अडॅप्टर असा पूर्ण सेट न्या, नाहीतर तो चालू करून बघणार कशावर.